टुनाच्या नावाचे पैसे

रिपेका सटक्लिफला कुणाला पैसे द्यायचे असले की ती उठून जायची. वीजबिल असो, कोंबड्यांचं खाद्य असो, चर्चच्या छपराची वर्गणी असो, अंगात स्वेटर चढवायचा आणि वाइरोआ गावच्या नदीकाठानं चालत जाऊन ज्याचे त्याच्या हातात ठेवून यायचे. रक्कम मोठी असली तर चेक. चेकवर ती इतक्या सावकाश सही करायची की समोरचा माणूस तेवढ्यात हवापाणी, तब्येत आणि नातवंडं असं सगळं बोलून घ्यायचा.

मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या टोळीत ती पंधराव्या वर्षी गेली. आधी शेडमधली जमीन झाडायला, मग टेबलावर लोकर पसरून तिच्या मळक्या कडा तोडायला, आणि लग्नानंतर नवऱ्याबरोबर दाबयंत्रावर. नवरा कॉलिन दक्षिणेकडचा गोरा, दिवसभरात चार वाक्यं बोलला तर पुष्कळ. तो यंत्रात लोकर दाबून गासडी शिवायचा आणि रिपेका शाईचा ब्रश घेऊन गासडीवर छाप उठवायची: कुठल्या फार्मची, कसली लोकर, कितवी गासडी. कॉलिन गेला, गुडघे गेले, टोळी सुटली. पण टोळीतली माणसं काही सुटली नाहीत. पर्थला गेलेली, दक्षिणेत गेलेली, सगळी तिला आंटी म्हणायची आणि पैसाअडका तिच्याकडे ठेवायची. रिपेकाकडे दिलं म्हणजे तिजोरीत ठेवलं, असं गावात बोललं जायचं.

तिचा भाऊ होहेपा रांगिहुना याच टोळीत कातरणीला होता. त्याला होहेपा म्हणायची एकटी आई. बाकी सगळ्या जगासाठी तो टुना. त्यांच्या भाषेत टुना म्हणजे वाम. नदीतून वामी पकडण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि स्वतःही तसाच निसटता. लहानपणी आईच्या हातून निसटायचा, मोठेपणी दोन बायकांच्या हातून निसटला. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात शेडमध्ये चहा पिता पिता बसल्या जागी गेला. माराएवर, जमातीच्या सामायिक आवारात, त्याला ठेवलं होतं तेव्हा चारी दिशांनी माणसं आली, रडली, गायली, त्याचे किस्से सांगून हसली. आणि कबरीपाशी रिपेका सगळ्यांसमोर त्याला म्हणाली, "पुढच्याच्या पुढच्या ईस्टरला तुझ्या उशाशी दगड उभा करते. तोवर गुपचूप पडून राहा. उठून बघायला यायचं नाही."

म्हणजे शब्द दिला होता, आणि तोही मेलेल्या माणसाला. तो फिरवायची सोय नसते.

दगडाचं काम धाकट्या बहिणीनं, मकेरेनं अंगावर घेतलं. मकेरे, लग्नानंतरची एपाराइमा, गावातल्या शाळेच्या कचेरीत तीस-एक वर्षं होती. फोनवर बोलणं, बिलं मागवणं, समोरच्याला न दुखवता झापणं, हे तिचं काम. तिनं नेपियरच्या एका दगडकाम करणाऱ्याशी बोलून काळा दगड ठरवला, मजकूर ठरवला, बिल मागवलं. पैसे मात्र टोळीतल्या सगळ्यांनी सवयीनं रिपेकाच्या खात्यात टाकले. ते खातं अजून कॉलिनच्या नावावर चाललं होतं. बदलून घ्यायला जायचं राहिलं ते राहिलंच.

तोवर बँकांनी चेक बंद करून टाकले होते. गावातल्या शाखेचं दारही बंदच जास्त असायचं. मकेरेच्या मुलीनं आंटीच्या फोनवर बँकेचं ॲप बसवून दिलं, दोनदा शिकवलं आणि ती हेस्टिंग्सला निघून गेली.

बिल आलं तेव्हा मकेरेनं त्यावरच्या एका आकड्याभोवती लाल गोल काढला. "हा नंबर रेफरन्सच्या चौकटीत टाकायचा. बाकी काही नाही टाकलंस तरी चालेल, हा टाक. की मीच पाठवून देऊ?"

"मला हात आहेत," रिपेका म्हणाली.

"हात आहेत ग. बोटं जाड आहेत."

"या जाड बोटांनी तुझे लंगोट बदललेत. जा घरी."

मकेरे गेली. रिपेकानं चष्मा लावला, फोन स्वयंपाकघराच्या टेबलावर पावाच्या पाटाला टेकवून उभा केला आणि बसली. दगडवाल्याचा खाते क्रमांक लांबलचक होता. तो तिनं एकेक आकडा मोठ्यानं वाचत टाकला, मग उलट्या बाजूनं तपासला. खाली रेफरन्सची चौकट आली. लाल गोलातला आकडा तिनं पाहिला आणि तिला ते पटेना. नंबर त्यांचा, त्यांनीच छापलेला, त्यांच्याच बिलावर. तो परत त्यांनाच काय सांगायचा? रेफरन्स म्हणजे काय हे तिला टोळीत असल्यापासून माहीत होतं. नवा पोरगा कामाला आला की मुकादम विचारायचा, रेफरन्स काय? म्हणजे तू कुणाचा, तुला ओळखतं कोण. तेव्हा हे पैसे कुणासाठी, हेच ते विचारत असणार. तिनं चौकटीत लिहिलं, टुना.

आणि पैसे तरी एकदम कुठे पाठवले. आधी दहा डॉलर पाठवून पाहिले, जातात की नाही ते. ते गेले. दुसऱ्या दिवशी दोन हजार पाठवले, कारण एका दिवसात त्याहून जास्त पाठवायला ॲपच तयार होईना. मग पर्थवाल्यांचे यायची वाट पाहिली, आणि उरलेले दोन खेपांत पाठवले. दर वेळी चौकटीत न विसरता टुना. शेवटची खेप गेली तेव्हा तिला गुदगुल्या झाल्यासारखं वाटलं. एवढं मोठं काम खुर्चीवरून न उठता झालं होतं.

तीन आठवड्यांनी मकेरे दारात आली ती चप्पल न काढताच बोलली. "दगडवाल्यांचा फोन होता. पैसे मिळाले नाहीत म्हणतात. पैसे आल्याशिवाय अक्षरं कोरायला घेत नाहीत ते. आणि आता घेतलं नाही तर ईस्टरला होत नाही."

"मी पाठवलेत."

"सगळे?"

"सगळे."

"नंबर टाकलास ना, गोलातला?"

इथे रिपेका चुकली. खरं सांगायला तिला एक श्वास पुरला असता. पण मकेरेचा चेहरा शाळेच्या खिडकीतून पोरांकडे बघताना व्हायचा तसा झाला होता, आणि ते रिपेकाला कधीच सहन व्हायचं नाही. ती म्हणाली, "टाकला की. आणखी काय टाकणार?"

मकेरेनं तिथल्या तिथे नेपियरला फोन लावला. पलीकडे हिशेब बघणाऱ्या ग्लेनिसबाई होत्या. त्यांनी बिलाचा नंबर शोधला, नव्हता. एपाराइमा नाव शोधलं, नव्हतं. रांगिहुना शोधलं, तेही नव्हतं. बिलाची पूर्ण रक्कम शोधली, तीही कुठे नव्हती. खातं सटक्लिफ नावाचं आहे, हे सांगायचं मात्र मकेरेला सुचलंच नाही. रिपेकाच्या ॲपमध्ये पैसे गेल्याच्या पावतीवर एक लांब नंबर दिसत होता, तो रिपेकानं फोन हातातून न सोडता वाचला आणि मकेरेनं पलीकडे सांगितला. ग्लेनिसबाई म्हणाल्या, "हा नंबर तुमच्या बँकेचा आहे, तिच्या वहीतला. माझ्याकडे तो दिसत नाही. पैसे पाठवताना तुम्ही काय लिहिलं होतं, ते मला दिसतं."

"आम्ही तुमचा नंबरच लिहिला होता," मकेरे म्हणाली, आणि रिपेका उठून चुलीवरचं आधण बघायला गेली. आधण ठेवलेलंच नव्हतं.

पुढचे दिवस तिचे वाईट गेले. नंबर टाकला नाही ही गोष्ट तिच्या मनात लहान होत गेली आणि दुसरीच एक भीती मोठी होत गेली. तो लांबलचक खाते क्रमांक. त्यातला एखादा आकडा चुकला असेल. उलटा तपासला होता खरा, पण उलटं वाचताना माणूस चुकतोच. डनेडिनला किंवा कुठे कुणीतरी परका माणूस त्या पैशांची बोट घेऊन मासे मारायला निघाला असेल. टोळीचे पैसे. गुडघे, पाठी, मनगटं झिजवून मिळवलेले. पर्थच्या पोरांनी विमानाची तिकिटं काढली होती. हांगीसाठी, म्हणजे जमिनीतल्या खड्ड्यात शिजवायच्या जेवणासाठी, डुक्कर कुणाचं, खड्डा कोण खणणार, इथवर ठरलं होतं. दगडावरचं कापड उघडायला सगळं गाव कबरीभोवती उभं राहील आणि कापडाखाली दगडच नसेल. तिला अन्न गोड लागेना. कोंबड्यांना दोनदा खाद्य टाकलं आणि स्वतः एकदाही जेवली नाही, असंही एका दिवशी झालं.

शेवटी एका सकाळी ती मकेरेच्या घरी गेली. "मी नेपियरला जाते. समोरासमोर बघते."

"कशी जातेस?"

"बसनं."

"बस परवा आहे, सिस. बस गाडीत." मकेरेनं किल्ल्या उचलल्या.

रस्ता डोंगरातून वळणावळणाचा, लाकडाचे ओंडके लादलेले ट्रक समोरून येणारे. मकेरे ट्रक आला की गाणं थांबवायची आणि गेला की पुढच्या ओळीपासून सुरू करायची. रिपेका मांडीवरच्या पिशवीचे बंद पिळत बसली होती. तुतिराचं तळं आलं, काळे हंस दिसले, आणि तिच्या तोंडून निघूनच गेलं.

"मी तो नंबर टाकला नव्हता."

मकेरेनं गाणं थांबवलं. या वेळी ट्रक नव्हता. "मग काय टाकलंस?"

"टुना."

"काय?"

"टुना. आपला टुना. त्याच्यासाठी आहेत म्हणून."

मकेरेनं गाडी तळ्याकाठी बाजूला घेतली आणि बंद केली. मग म्हणाली, "एवढे दिवस मी त्या बाईशी वाद घालतेय. नंबर दिलाय, नीट बघा म्हणून. काल तर मी तिला विचारलं की चष्म्याचा नंबर बदललाय का."

"मला वाटलं तू ओरडशील."

"ओरडणारच होते. आता ओरडायला त्राण नाही." तिनं स्टीअरिंगवर कपाळ टेकलं, आणि तिचे खांदे हलायला लागले. रिपेकाला वाटलं रडतेय. ती हसत होती. "दगडवाल्याला टुना. अग, त्याला काय वाटलं असेल, कुणी मासे पाठवतंय?"

"हसू नकोस. खाते क्रमांकच चुकला असेल तर?"

मकेरेचं हसू थांबलं. तिनं गाडी सुरू केली आणि थेट नेपियरला नेली.

दगडवाल्याचं आवार गोदामांच्या रांगेत होतं. आत पाण्याच्या धारेखाली करवत चालल्याचा आवाज, बाहेर कोऱ्या दगडांच्या रांगा. कचेरीत ग्लेनिसबाई बसल्या होत्या, साठीच्या, गळ्यात दोन चष्मे. मकेरेनं नाव सांगितल्यावर त्यांनी हातातली बिस्किटं खाली ठेवली.

"अच्छा, तुम्ही त्या," त्या म्हणाल्या. "चष्मा बदललाय बरं का मी."

"मी माफी मागायला आलेय," मकेरे म्हणाली. "चूक आमची आहे. म्हणजे हिची. पण मागायला मी आलेय."

ग्लेनिसबाई रिपेकाकडे वळल्या. "तुम्ही पाठवले का? काय लिहिलं होतं ते आठवतं?"

रिपेका पुढे झाली. "टुना."

ग्लेनिसबाई खुर्चीत मागे रेलल्या आणि दाराकडे तोंड करून हाक मारली, "अरे, ती टुना सापडली." पलीकडची करवत बंद झाली. मग त्या रिपेकाला म्हणाल्या, "अहो बाई, महिनाभर आम्ही तुम्हाला शोधतोय. आधी दहा डॉलर आले, टुना म्हणून. मला वाटलं कुणीतरी टुना माशाच्या सँडविचचे पैसे चुकून आमच्याकडे पाठवले. मग दोन हजार आले, टुना म्हणून. एवढी सँडविचं कोण खातं? पाठवणारं कोण तर सटक्लिफ, आणि सटक्लिफ नावाचं आमच्याकडे एकही काम नाही."

"म्हणजे पैसे..."

"इथेच आहेत. आल्या दिवसापासून आमच्या खात्यात बसून आहेत. सेंटसुद्धा इकडचा तिकडे झालेला नाही."

रिपेकानं बसायला खुर्ची शोधली नाही, हाताला लागली त्यावर बसली. ते नमुन्याच्या दगडाचं खोकं होतं. तिचा जीव भांड्यात पडला, आणि त्याबरोबर इतक्या दिवसांची भूक, झोप आणि रडू एकदमच वर आलं. मकेरेनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. ग्लेनिसबाईंनी बिस्किटांची बशी पुढे सरकवली. रिपेकानं पाच बिस्किटं खाल्ली, कुणाकडे न बघता.

मग तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "बँकेला कळलं नाही का, टुना म्हणजे हे पैसे कशाचे ते?"

"बँक ते वाचतच नाही," ग्लेनिसबाई म्हणाल्या. "बँक फक्त खाते क्रमांक बघते. तो तुम्ही बरोबर टाकलात म्हणून पैसे बरोबर आले. रेफरन्स असतो तो बँकेसाठी नसतो, माझ्यासाठी असतो. दिवसात तीस-चाळीस लोकांचे पैसे येतात. कुणाचे कुठल्या कामाचे, हे मला त्या एका आकड्यावरून कळतं. म्हणून आमचाच आकडा आम्हाला परत सांगायचा."

रिपेकानं बिस्किटांची बशी बाजूला सरकवली. मग म्हणाली, "गासडीवरचा छाप."

"काय?"

"ट्रकवाला गासडी गोदामात नेऊन टाकतो. त्याला गोदामाचा पत्ता पुरतो. पण आत गेल्यावर ती कुणाची, हे छापावरून कळतं. बिनछापाची गासडी हरवत नाही. नुसती कोपऱ्यात पडून राहते, आणि तिकडे मालक बोंबलत बसतो. आयुष्यभर मीच छाप मारत होते." ती मकेरेकडे वळली. "तू मला गासडी का नाही म्हणालीस? नंबर नंबर करत बसलीस."

"पुढच्या वेळी ब्रश आणून देते," मकेरे म्हणाली.

"आणि तो लांब नंबर? पावतीवरचा?"

"तो बँकेचा छाप," ग्लेनिसबाई म्हणाल्या. "पैसे खरोखरच भलतीकडे गेले असते तर तो घेऊन बँकेकडे जायचं, मग ते माग काढतात. जपून ठेवायचा. पण माझ्या कामाचा नाही."

कोरणारा माणूस आत आला, केसापासून बुटांपर्यंत राखाडी झालेला. त्यानं दगड कापून, घासून ठेवलाच होता, अक्षरं तेवढी राहिली होती. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात गाडीनं पाठवतो म्हणाला. मजकुराचा कागद त्यानं पुढे केला. होहेपा रांगिहुना, जन्म, मृत्यू, आईवडिलांची नावं, खाली एक प्रार्थना.

"आणि टुना?" त्यानं विचारलं. "खाली बारीक अक्षरात घालायचं का? जागा आहे."

रिपेकाचे डोळे चमकले. "घालू या."

"नाही," मकेरे म्हणाली.

"सगळे त्याला टुनाच म्हणायचे."

"आई नव्हती म्हणत. आणि तो आईच्या शेजारी झोपलाय. दगडावर वाम कोरलेली तिनं बघितली तर ती उठून येईल."

कोरणारा एकीकडून दुसरीकडे बघत राहिला. रिपेकानं मनाशी आईला उभं केलं आणि कागद परत दिला. "राहू दे. होहेपाच बरा."

परतीच्या वाटेवर मकेरेनं खिम्याच्या पाई घेतल्या. रिपेकानं स्वतःची संपवली, मकेरेच्या अर्ध्या पाईवरही हात मारला, आणि तुतिराच्या आधीच खिडकीला डोकं टेकून झोपी गेली. तोंड उघडं, हात मांडीवर मोकळे. मकेरेनं गाणं म्हटलं नाही. एका वळणावर मागून ट्रकवाल्यानं भोंगा वाजवायला घेतला तर तिनं खिडकीतून हात बाहेर काढून त्याला थांब अशी खूण केली, आणि रस्ता रुंद झाल्यावर पुढे जाऊ दिलं.

त्यानंतरच्या आठवड्यात हांगीच्या सामानासाठी पर्थहून भाचा हेमीनं पैसे पाठवले. रिपेकानं खातं उघडून पाहिलं आणि लगेच त्याला फोन लावला.

"हेमी, पैसे मिळाले. खाली 'खूप प्रेम' असं लिहिलंस."

"हो आंटी. आहेच."

"असू दे. पण चार जणांनी खूप प्रेम पाठवलंय, आणि कुणाचं किती ते मला कळत नाही. नाव लिही आणि कशासाठी ते लिही. प्रेम इथे आल्यावर दाखव, लाकडं फोडायची आहेत."

ईस्टरच्या शनिवारी सकाळी धुकं होतं, नंतर ऊन पडलं. दगड दोन दिवस आधी येऊन उभा राहिला होता, वर टोळीतल्या जुन्या कांबळ्याचं आवरण होतं. प्रार्थना झाली, गाणी झाली. हेमीनं आणि मकेरेच्या मुलीनं मिळून कांबळं खाली ओढलं. काळ्या दगडावर अक्षरं स्वच्छ दिसत होती. मकेरेनं जवळ जाऊन सगळा मजकूर मोठ्यानं वाचला, स्पेलिंग तपासण्यासाठीच वाचत असावी असा, आणि शेवटच्या ओळीला तिचा आवाज फुटला. मग एकेक जण पुढे येऊन दगडावर हात ठेवून गेला. कुणी रडलं, कुणी त्याला शिव्या दिल्या, एका म्हाताऱ्या कातरणीवाल्यानं शेडमधला जुना हिशेब पुन्हा उकरून काढला आणि सगळे हसले.

माणसं जेवायला माराएकडे निघाली. रिपेका मागे राहिली. तिनं बूट काढले, गवतात पाय पसरले आणि शेजारच्या आईच्या दगडाला पाठ टेकून बसली. दगड उन्हानं कोमट झाला होता. खालून डुकराच्या मांसाचा आणि रताळ्यांचा वास येत होता. कुणाला काही द्यायचं राहिलं नव्हतं, कुणाला काही सांगायचं राहिलं नव्हतं.

"सिस," मकेरेनं फाटकातून हाक मारली, "पर्थची पोरं ताटात डोंगर करतायत. येतेस की नाही?"

"येते," रिपेका म्हणाली, आणि आणखी थोडा वेळ तशीच बसून राहिली.